धुक्यातला धोका जमिनीवर

जानेवारीत पुण्याहून किंवा नागपूरहून दिल्लीला निघालेला प्रवासी दोन-तीन तास खोळंबला, की एक प्रश्न हमखास विचारतो. ‘आताची विमाने धुक्यात आपोआप उतरतात म्हणे, मग हा उशीर कशाला?’ प्रश्न रास्त आहे. यंत्रणा आणि प्रशिक्षित वैमानिक असतील, तर दृश्यता ५० मीटरवर आली असतानाही दिल्लीत विमान उतरू शकते. पण उतरलेले विमान पुढे जाते कुठे, हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते धुक्यातली खरी कसोटी तिथून सुरू होते.

विमानाला वाट दाखवणारे रेडिओसंकेत दोन अँटेनांवरून येतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाची अँटेना मध्यरेषा दाखवते, कडेची उतार दाखवते. जवळून एखादे विमान किंवा साधी मालमोटार गेली, तरी हे संकेत बिघडू शकतात. हवा स्वच्छ असेल तर वैमानिक डोळ्यांनी सावरून घेतो. धुक्यात ती सोय नाही. म्हणून उड्डाणासाठी उभी विमाने धावपट्टीपासून नेहमीपेक्षा मागे थांबवतात, वाहनांची ये-जा कमी करतात आणि उतरणाऱ्या दोन विमानांतले अंतर वाढवतात. आपला उशीर होतो तो यात. मला हा उशीर मुळीच खटकत नाही. खटकते ते प्रवाशांना कारण न सांगणे.

घाई आणि ढिलाई काय करते, ते मिलानच्या लिनाते विमानतळावर दिसले. ८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी तिथे दाट धुके होते. त्याच धुक्यात सुखरूप उतरलेले एक छोटे खासगी जेट पुन्हा उड्डाणासाठी निघाले. त्याला ‘आर-फाइव्ह’ या वाटेने जायला सांगितले होते. वैमानिकांनी ती सूचना परत म्हणूनही दाखवली आणि ते वळले ‘आर-सिक्स’वर. ती वाट थेट धावपट्टीवर जात होती. तिथे कोपनहेगनला निघालेले एमडी-८७ विमान वेग घेत होते. दोन्ही विमानांतले सगळे आणि सामानाच्या इमारतीतले चौघे, असे ११८ जण गेले. त्या जेटच्या वैमानिकांना इतक्या कमी दृश्यतेची परवानगीच नव्हती. वाटेवरच्या खुणा आणि पाट्या धड नव्हत्या. जमिनीवरची हालचाल दाखवणारे जुने रडार काढलेले, नवे अजून सुरू झालेले नव्हते. मनोऱ्यातल्या नियंत्रकापाशी होता फक्त कानावर येणारा आवाज.

१९७७ साली तेनेरीफला धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे दगावली, तेव्हाही दोन्ही धावपट्टीवरच होती.

तरीही नव्या विमानतळाचे कौतुक होते ते काचेच्या भिंतींचे आणि दुकानांचे. रंग उडालेला पिवळा पट्टा पुन्हा रंगवला म्हणून कोणी फीत कापत नाही. विमान कंपन्यांच्या उशिराचे आकडे छापले जातात, तसे हेही छापले जावे: कोणत्या विमानतळावर जमिनीवरचे रडार चालू आहे, धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची ओळ आहे की नाही, आणि जेवणाची गाडी चालवणाऱ्यालाही धुक्यातले नियम शिकवले आहेत का.