संशोधन घरापर्यंत

गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत १९९५-९६ साली ७६३ नवजात बाळांची घरोघरी जाऊन नोंद ठेवण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती, पण डॉक्टरांपर्यंत पोचली ती जेमतेम २.६ टक्के. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेची ही पाहणी. आजारी तान्ह्याला दवाखान्यात न्यावे, हा सल्ला तेव्हा सर्वमान्य होता. तो पाळणे किती घरांना शक्य आहे, हे मात्र कोणी मोजले नव्हते. दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरलेले आणि ओली बाळंतीण घराबाहेर काढायची नाही ही रीत. बाळे घरीच जन्मत होती, घरीच दगावत होती.

या दिवाळी अंकाचा विषय सार्वजनिक आरोग्य आहे. संशोधन आणि रोजचा व्यवहार यांची गाठ कशी पडते, हे गडचिरोलीइतके स्पष्ट क्वचितच दिसते, म्हणून आरंभी हे उदाहरण. तिथेही ती गाठ पहिल्याच झटक्यात पडली नाही. सुरुवातीच्या काळात संस्थेने सिकलसेलचे प्रमाण शोधून काढले; शास्त्र म्हणून काम चोख होते, पण गावकऱ्यांच्या लेखी तो निकडीचा प्रश्न नव्हता. लहान मुलांचे मरण हा होता. मग न्यूमोनियाकडे लक्ष वळले. श्वास जलद चालतो का, हे मोजले की या रोगाचा संशय घेता येतो. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वेळा किंवा त्याहून जास्त चालला, तर तो धोका. पण गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यासाठी लाकडी चौकटीत मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ बसवलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर औषध सुरू करायचे. वैद्यकशास्त्राचा निकष तोच राहिला, फक्त तो सुईणीच्या हाती आला.

नवजात बाळांच्या बाबतीत हाच विचार पुढे गेला. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे हे त्या शिकल्या. रडणे क्षीण झाले, अंगावर ओढणे मंदावले, हातपाय गार लागू लागले, अशी लक्षणे एकत्र दिसली तर जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही. या शेवटच्या गोष्टीला डॉक्टरांचा आक्षेप असणे स्वाभाविकच होते, आणि त्याला उत्तर आकड्यांनीच देणे योग्य होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले.

छापून आल्याने बाळे वाचत नाहीत. ‘अंकुर’ प्रकल्पाने महाराष्ट्रात इतर संस्थांच्या हातून हीच पद्धत पडताळली आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने ती देशभर स्वीकारली. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. एका जिल्ह्यातल्या प्रयोगाला एवढा विस्तार लाभणे ही मोठीच गोष्ट आहे.

मात्र विस्तारात काही निसटले. इंजेक्शनचा अधिकार आशांना मिळाला नाही. २०१४ मध्ये तो विशिष्ट परिस्थितीत परिचारिकांना देण्यात आला. त्यामागची सावधगिरी समजण्यासारखी आहे. त्याहून मोठी उणीव देखरेखीची. प्रयोगात डॉक्टर दर पंधरवड्याला गावात येऊन आरोग्यदूताच्या नोंदी तपासत, चुकले तिथे जागेवर शिकवत. आशा सेविकेकडे गृहभेटींखेरीज लसीकरणाची, गरोदर मातांची, क्षयरोगाची, सर्वेक्षणाची कामे आहेत, आणि मोबदला बहुतांशी कामागणिक. तिचा भरलेला तक्ता वर जातो, बेरजेत मिळतो; तिसऱ्या दिवशी ज्या बाळाचे हातपाय गार लागले त्याच्याविषयी विचारायला वरून कोणी तिच्याकडे येतेच असे नाही. योजनेने भेटींचे वेळापत्रक घेतले, तसा तो पंधरवड्याचा फेराही घ्यायला हवा. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांतली रिकामी पदे आधी भरावी लागतील.