डॉक्टरांच्या भिंतीवरचा फोटो

हे लिहू की नको, यात दोन महिने गेले. नातेवाईक वाचतात, मामा तर प्रिंट काढून वाचतात. मामा, तुम्हाला राग येणार आहे. येऊ द्या. ताईला विचारूनच लिहितोय.

ताई म्हणजे माझी आतेबहीण. परभणी जिल्ह्यातच दिलेली, डी.एड. झालेली. अकरा वर्षं एका महाराजांच्या दरबारात होती, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडली. कोणते महाराज ते लिहीत नाही, कारण आजचं भांडण त्यांच्याशी नाहीच. भांडण आहे ते डॉक्टर आणि समुपदेशक मंडळींशी.

बाहेर पडल्यावर तिची झोप उडाली. मी तिला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. आत गेली आणि पाचव्या मिनिटाला बाहेर, हातात झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी. डॉक्टरांच्या खुर्चीमागे भिंतीवर त्याच महाराजांचा फोटो होता, ताज्या हारासकट! ती बिचारी "झोप येत नाही" एवढंच बोलून उठली. दुसरीकडे गेलो, तिथे पहिलाच प्रश्न, "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, कळलं कसं नाही?" तिसरीकडच्या बाई मनाने खरंच चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, रोज पहाटे वीस मिनिटं डोळे मिटून बसा, श्वासाकडे लक्ष द्या. अहो, पहाटे चारला उठून डोळे मिटून जप, हेच तर तिने अकरा वर्षं केलं! आता डोळे मिटले की तिला महाराजांचाच आवाज ऐकू येतो. ती पुन्हा तिकडे गेली नाही. आणि तिच्या कागदावर बहुधा "रुग्ण सहकार्य करत नाही" असं काहीतरी लिहिलं गेलं असेल.

गंमत म्हणजे हे काही नवीन नाही. मार्गारेट सिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 सालीच अशा पंथांतून बाहेर आलेल्यांवर लेख लिहिला होता. (त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर 1978 मध्ये, गयानातल्या जोन्सटाउनला जिम जोन्सच्या पंथातली नऊशेहून जास्त माणसं मेली होती.) एकटेपणा, साधा निर्णयही न घेता येणं, पंथाची भीती, मधेच जुन्या तंद्रीत घसरणं, सगळं त्यात आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-ग्रंथात 1994 पासून श्रद्धा डळमळीत होण्यातून येणाऱ्या त्रासाची वेगळी नोंद आहे. 2013 च्या आवृत्तीत तर दीर्घकाळच्या दबावाने माणसाची ओळखच विस्कटते, याचं उदाहरण देताना पंथांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे माहिती आहे. आमच्या भागात खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंत ती पोचलेली नाही, एवढंच.

आणि आमचा भाग कोणता? मानवतचा. 1972 ते 74 मध्ये तिथे गुप्तधनासाठी बायका-मुलींचे खून झाले. त्यावर 2024 मध्ये मालिकाही आली, सगळ्यांनी बघितली. अंधश्रद्धा म्हटलं की आपल्याला ते आठवतं. खून, मांत्रिक, खटला. ताईच्या बाबतीत कोणी मेलं नाही, मग केस कसली? 2013 साली डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे त्यात, आणि तो हवाच होता. पण तो बुवाला पकडतो. बाहेर आलेल्या बाईच्या डोक्यातला बुवा कोण बाहेर काढणार?

वसमत रोडला ताईच्या मुलाची गाडी घसरली, हाताला प्लास्टर लागलं. त्या रात्री ती परत दरबारात जायला निघाली होती. "सोडून गेलीस तर लेकराला भोगावं लागेल" असं तिला सांगितलेलं होतं. तिघांपैकी एकानेही तिला विचारलं नाही, की सोडलं तर काय होईल म्हणून सांगितलं होतं? हा एक प्रश्न विचारला असता तर झोप का येत नाही ते दहा मिनिटांत कळलं असतं.

अजून एक. तिथे सगळं विचारून करायचं. सोयाबीन पेरायचं की कापूस, पोरीला कोणतं स्थळ बघायचं, सगळं. आता तिला भाजी कोणती करायची हेही सुचत नाही. अशा माणसाला डॉक्टर म्हणतात, "मी सांगतो तसं करा, जास्त विचार करू नका." ती करतेही. डॉक्टर खूश. अहो, फक्त गादीवरचा माणूस बदलला!

आणि तिला दरबाराची आठवण येते, हे कोणालाच ऐकायचं नसतं. सासरी ती अमक्याची बायको होती, तिथे पहिल्यांदा तिला कोणी नावाने हाक मारली. गुरुवारची भजनं, पन्नास बायकांचा एकत्र स्वयंपाक. ते सगळं एका दिवसात गेलं, बोलणंसुद्धा बंद झालं. पुरोगामी मित्रांना तिचा राग हवा असतो, नातेवाइकांना ती परत गेलेली हवी असते. निदान समुपदेशकाने तरी तिला तासभर रडू द्यावं ना!

मामा म्हणतील, म्हणजे देवधर्म सोडायचा का? नाही. जनाबाईच्या गंगाखेडजवळचे आपण. आजोबांनी वारी केली. एखाद्या वर्षी वारी चुकली तर कोणी घरी येऊन जाब विचारला होता का? ताईचे दोन गुरुवार चुकले तर चारजण ओसरीवर येऊन बसले. त्यातले एक तुम्ही होता.

आपल्याकडे पेशंटबरोबर सगळं घर आत जातं. दुसऱ्या डॉक्टरांकडे ताईचे यजमान शेजारी बसले होते, ते अजून दरबारात आहेत. ती काय बोलणार? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिला गोपनीयतेचा हक्क दिलाय. "तुम्ही जरा बाहेर बसा" एवढं म्हणायला डॉक्टरांना काय जड जातं?

पुढच्या मंगळवारी नांदेडला चौथ्या ठिकाणी जायचंय. मी बाहेरच बसणार आहे. ताईने एकच काम सांगितलंय, "आधी तू आत जाऊन भिंत बघून ये."