बटणाला नावाने हाक मारा

वेब पानावरचं बटण टेस्टमध्ये शोधायचं कशाने? आयडी-क्लासने, की त्यावर लिहिलेल्या मजकुराने? आमच्या फील्डमधली बरीच मंडळी पहिल्या पक्षात. मी दुसऱ्या.

कारण साधं आहे. युजरला क्लास दिसत नाही, 'पैसे भरा' दिसतं. उद्या भाषांतराच्या फाईलमध्ये गोंधळ होऊन बटण कोरंच राहिलं, तरी आयडीवर चालणारी टेस्ट हिरवीच. मग ती टेस्ट काय कामाची?

गंमत म्हणजे सीएसएसला मजकूर कळतच नाही. सीएसएस-३ सिलेक्टर्सच्या २००१ च्या मसुद्यात 'कंटेन्स' होता, २०११ च्या अंतिम आवृत्तीत तो गळाला. जेक्वेरीने मात्र तो दिला, वर स्वतःचे सिलेक्टर बनवायची सोयही दिली. प्लेराइटमध्येही आपलं सिलेक्टर इंजिन रजिस्टर करता येतं.

पण नुसतं 'कंटेन्स' वापरून मोकळे होऊ नका. एक तर ते बटणासोबत त्याला पोटात घेणारे डिव्ह, बॉडी असं सगळं खानदान हजर करतं. दुसरं म्हणजे 'रद्द करा' शोधलंत तर 'ऑर्डर रद्द करा' पण सापडतं. पहिल्याने पॉपअप बंद होतो, दुसऱ्याने गिऱ्हाइकाची ऑर्डर जाते!

आणि आपल्या मराठीची खास मेख वेगळीच. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द बघा. डोळ्यांना सारखेच ना? एकात ऱ आणि हलन्त आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन लावलं तरी ते एक होत नाहीत. भाषांतर करणाऱ्याचा कीबोर्ड बदलला की टेस्ट लाल, आणि कारण शोधून डोळे लाल.

म्हणून आपला सिलेक्टर आपण लिहावा. त्याने फक्त बटणं आणि लिंक बघाव्यात, जास्तीच्या स्पेस काढाव्यात, र्‍य चं ऱ्य करून घ्यावं आणि मग पूर्ण मजकूर जुळतो का ते पाहावं. दहा-पंधरा ओळींचं काम आहे.

"पण मजकूर बदलला की टेस्ट तुटतात," हा नेहमीचा आक्षेप. तुटू देत की! 'पैसे भरा'चं 'पुढे जा' झालं, तर हा बदल कुणी मुद्दाम केला का, हे विचारायलाच टेस्ट असते. खरंच केला असेल तर एक ओळ बदला. मजकूरच नसलेल्या आलेखासाठी वगैरे खुशाल टेस्ट-आयडी लावा, त्याला माझी ना नाही.

आणि नुसतं चित्र असलेलं बटण मजकुराने सापडत नसेल, तर आयडी लावायच्या आधी थोडं थांबा. त्याला वाचता येईल असं नावच दिलेलं नसेल, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसालाही तिथे फक्त 'बटण' एवढंच ऐकू येण्याची शक्यता आहे. तेव्हा आधी बटणाला नाव द्या, टेस्ट नंतर लिहा.