सही आपली, संमती कोणाची? सुप्याच्या उठावाला दीडशे वर्षे झाल्यावरही उभा असलेला ‘मुदत खरेदी’चा प्रश्न

बारामती-इंदापूर पट्ट्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे आडसाली उसाच्या लागणीचे दिवस. बेणे, सरी, ठिबक, खत, मजुरी असा सगळा खर्च आज करायचा आणि उसाचे पैसे हातात पडायचे ते सोळा-अठरा महिन्यांनी. मध्येच दवाखाना निघाला, घरात लग्न ठरले किंवा सोसायटीचे कर्ज थकीत राहिल्याने नवे मिळाले नाही, की पाय खासगी सावकाराकडे वळतात. तो जमिनीचे गहाणखत करत नाही. थेट खरेदीखत करून घेतो आणि तोंडी सांगतो, “पैसे फेडा, जमीन परत तुमच्या नावावर करतो.” यालाच आपल्याकडे ‘मुदत खरेदी’ म्हणतात. पुढे फेरफार होतो, सातबाऱ्यावरचे नाव बदलते आणि मग कळते की आपण कर्ज काढले नव्हते, जमीन विकली होती.

असा व्यवहार मोडता येतो का? काही वेळा येतो. पण त्यासाठी कायदा काय विचारतो आणि मुदत किती, हे आधी समजून घ्यायला हवे.

सुपे येथे काय झाले होते?

हा प्रश्न आपल्या मातीतलाच आहे. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून कर्जरोखे जाळले. हा उठाव पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते. तीस वर्षांची मुदत संपल्याने सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली होती आणि तिची सुरुवात इंदापूर तालुक्यापासूनच झाली होती. सारा भरायला कर्ज, कर्ज फेडायला पुन्हा कर्ज, असे चक्र सुरू होते.

लोकांचा राग मुख्यतः कागदांवर होता. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा घ्यायचा, मुदत संपत आली की व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहायचा आणि कोर्टातून एकतर्फी हुकूमनामा आणायचा, ही तेव्हाची रीत. कोर्ट फक्त कागद पाहत असे. चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी सहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासायला लावले. तो कायदा आज नाही. पण कागदावरची सही म्हणजे संमतीच, असे धरून चालायचे नाही, हे तत्त्व आजच्या कायद्यातही आहे.

संमती ‘खरी’ कधी नसते?

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १३ नुसार दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. ती मुक्तही असावी लागते. पुढील गोष्टींमुळे ती मुक्त राहत नाही:

- जबरदस्ती (कलम १५): गुन्हा ठरेल अशा कृत्याची धमकी देणे किंवा मालमत्ता बेकायदा अडवून ठेवणे.
- गैरवाजवी दबाव (कलम १६): समोरच्याच्या मनावर हुकमत असल्याचा फायदा घेऊन अन्यायकारक लाभ उकळणे.
- फसवणूक आणि चुकीची माहिती (कलम १७, १८): खोटे सांगून, किंवा सांगणे भाग असलेली गोष्ट लपवून सही घेणे.
- गैरसमज (कलम २०): करारातील महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत दोघांचीही चूक झाली असेल तर करार मुळातच शून्य ठरतो.

पहिल्या तीन प्रकारांत करार आपोआप रद्द होत नाही. तो फसलेल्याच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकतो. म्हणजे पाऊल तुम्हालाच उचलावे लागते.

कलम १६ मध्ये दिलेली दोन उदाहरणे लक्षात ठेवा. गावच्या सावकाराचा आधीच देणेकरी असलेला माणूस त्याच्याकडूनच उघड अन्यायकारक अटींवर नवे कर्ज घेतो, तेव्हा दबाव नव्हता हे सावकाराने सिद्ध करायचे. पण बाजारात पैशाची टंचाई आहे म्हणून बँकेने जादा व्याज मागितले आणि कोणी ते मान्य केले, तर तो दबाव नव्हे. अडचण असणे वेगळे आणि अडचणीत धरून नमवणे वेगळे.

“मी कागद वाचला नव्हता” एवढे सांगून भागत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये एक महत्त्वाचा फरक सांगितला. कागद कोणत्या प्रकारचा आहे हेच खोटे सांगितले असेल, म्हणजे गहाणखत सांगून खरेदीखतावर अंगठा घेतला असेल, तर तो व्यवहार शून्य. कागद कोणता हे माहीत होते, पण आतल्या मजकुराबद्दल फसवले असेल, तर तो रद्द होण्याजोगा. १९८२ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की नोंदणीकृत खरेदीखत प्रत्यक्षात अमलात आणायचेच नव्हते, खरा व्यवहार वेगळाच होता, हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो.

सावकारी कायद्याचा दुसरा मार्ग

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ च्या कलम १८ नुसार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जापूर्वीच्या पंधरा वर्षांत जमीन सावकारीच्या व्यवहारात, कर्जाचे तारण म्हणून गेली आहे असे चौकशीत दिसले, तर ते खरेदीखत अवैध ठरवून ताबा परत देण्याचा आदेश देऊ शकतात. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात याची माहिती मिळते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

शेतकऱ्यासाठी ठरलेला व्याजदर तारण कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के आहे. समजा, पाच लाख रुपये महिना ३ टक्क्यांनी घेतले. वर्षाचे व्याज १ लाख ८० हजार होते. कायद्याच्या ९ टक्क्यांनी ते ४५ हजारच होईल.

मुदत चुकवू नका

दिवाणी न्यायालयात खरेदीखत रद्द करून मागण्याची मुदत तीन वर्षांची आहे. रद्द करण्याचे कारण तुम्हाला प्रथम कळले, त्या दिवसापासून ती मोजतात. पैसे फिरवून जमीन सुटेल या आशेवर लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. फसवणूक कळल्यावरही व्यवहार मान्य असल्यासारखे वागलात, तर हक्क जाऊ शकतो. जमीन तिसऱ्याला विकली गेली आणि त्याने प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत देऊन घेतली असेल, तर वाट आणखी अवघड होते.

करार रद्द झाला तरी घेतलेली रक्कम तुमच्याकडेच राहत नाही, ती परत करावी लागते. आणि रस्ता आल्याने भाव वाढला, म्हणून खरी विक्री मोडता येत नाही. कमी किंमत एवढ्यानेच करार रद्द होत नाही. पण संमती मुक्त होती का, हे ठरवताना ती विचारात घेतली जाते.

आजच करायच्या गोष्टी

1. खरेदीखत, साठेखत आणि फेरफाराच्या नकला काढा. फेरफाराची नोटीस आल्यास १५ दिवसांत लेखी हरकत द्या.
2. व्याज दिल्याचा पुरावा जपा: बँक खात्याचा उतारा, मोबाईलवरून पाठवलेले पैसे, संदेश, चिठ्ठ्या. विक्री झाली असती तर व्याज कशाचे, हा तुमचा सर्वांत मजबूत मुद्दा आहे.
3. विक्रीनंतरही जमीन तुम्हीच कसता हे दाखवणारे कागद ठेवा: पीकपाहणी, कारखान्याची ऊसनोंद, पाणीपट्टी, वीजबिल.
4. परतीची अट वेगळ्या कागदावर घेऊ नका. ती खरेदीखतातच नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ नुसार तो व्यवहार गहाण मानला जात नाही. कर्जच घ्यायचे असेल तर सरळ गहाणखत करा.
5. दुय्यम निबंधकांसमोर जाण्याआधी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून कागद मोठ्याने वाचून घ्या.
6. वाद असेल तर लगेच वकील गाठा आणि जमीन पुढे विकली जाऊ नये म्हणून मनाई हुकूम मागा.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी रोखे जाळले, कारण रोख्यामागची हकिकत ऐकायला कोर्ट तयार नव्हते. आज ती ऐकून घेणारी दोन दारे उघडी आहेत. त्या दारात पुरावा घेऊन, मुदतीत पोहोचणे आपल्या हातात आहे.