डोई भादरा, मुदत दहा दिवस

(सन 1645. नानजिंग शरण आल्यावर यांगत्सेच्या दक्षिणेकडील एखाद्या शहराच्या वेशीवर लागला असता असा जाहीरनामा. शब्द लेखकाचे, अटी मांचू दरबाराच्या.)

पंडित असो, व्यापारी असो वा हमाल, तमाम पुरुष रयतेस सक्त ताकीद देण्यात येते.

हा हुकूम पोहोचल्यापासून दहा दिवसांत प्रत्येकाने पुढची डोई भादरून मागच्या केसांची मांचू पद्धतीने वेणी घालावी. पोशाख सावकाश बदलला तरी चालेल. केसांना सवलत नाही.

गेल्या वर्षी बीजिंगमध्ये शिरताच हाच हुकूम निघाला होता. लोक बिथरले, म्हणून राजप्रतिनिधी दोर्गोन यांनी तो मागे घेतला. तेव्हा दक्षिण आमच्या हाती नव्हती. आता आहे.

देह आणि केस ही आईबापांची ठेव, तिला धक्का लावू नये, ही तुमची सबब आम्ही ऐकली आहे. नऊ वर्षांपूर्वी होंग ताइजी यांनी मुकदेनमध्ये छिंग घराण्याची द्वाही फिरवली. त्यांचे चिरंजीव शुनचि बादशहा सात वर्षांचे असले तरी आज तुमचे बाप तेच. बापलेकांची तऱ्हा वेगळी असून कसे चालेल?

मिंग बादशहाचा जीव आम्ही घेतला नाही. ली त्झछंगच्या बंडखोरांनी राजधानी घेतली तेव्हा त्याने गळफास लावून घेतला. त्याचा इतमामाने अंत्यविधी आम्ही केला, लढायांसाठी लादलेल्या जादा पट्ट्याही माफ केल्या. त्या बदल्यात एकदा वस्तरा फिरवून घेणे कोणाला जड जाऊ नये.

अर्जविनंत्या करू नका. मिंग रिवाज राहू द्यावेत असे दरबाराला लिहिणारा अधिकारीही जिवंत राहणार नाही. लपणारे, पळवाटा काढणारे, शब्दांचा कीस पाडणारे, सगळे बंडखोर धरले जातील.

दोन महिन्यांपूर्वी यांगचौने वेस उघडली नाही. तिथे काय झाले ते पळून आलेल्यांना विचारा.

अकराव्या दिवशी ज्याच्या डोक्यावर बुचडा दिसेल, त्याचे डोके धडावर राहणार नाही. कोणाचीही गय केली जाणार नाही.

(च्यांगयिनच्या रहिवाशांनी हा हुकूम धुडकावला आणि सुमारे 80 दिवस शहर लढवले. तट पडल्यावर तिथे सरसकट कत्तल झाली. वेणीची सक्ती जवळजवळ घराण्याच्या अखेरीपर्यंत टिकली. ते घराणे 1912 मध्ये संपले.)