उठून जाऊ शकणारा श्रोता

मराठी साहित्यव्यवहाराच्या इतिहासात ऋतूंना फारसे स्थान नाही. ग्रंथ केव्हा प्रसिद्ध झाला, नियतकालिक केव्हा निघाले आणि केव्हा बंद पडले ह्याच्या नोंदी आपण ठेवतो. परंतु शब्द आणि सूर वर्षाच्या ज्या दिवसांत घराबाहेर पडतात, त्या दिवसांचा विचार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. चैत्र-वैशाख हे असे दिवस आहेत. पंचांग त्यांना वसंत म्हणते, अंगाला मात्र तो उन्हाळा जाणवतो. रब्बीचे पीक घरात आलेले, शाळांच्या परीक्षा संपत आलेल्या, पाहुणेरावळे जमलेले आणि दिवसभराच्या तलखीनंतर संध्याकाळी घरात बसवत नाही, अशा वेळी आपली मध्यम आकाराची शहरे अंगणात येतात. गुढीपाडव्याच्या मैफली, चौदा एप्रिलची भीमगीते आणि मे महिन्यातील व्याख्याने हे सारे उघड्यावर, विनामूल्य आणि बहुधा सतरंजीवर किंवा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चालते. ह्या कार्यक्रमांकडे 'सांस्कृतिक उपक्रम' म्हणून कौतुकाने पाहिले जाते. माझे म्हणणे असे की ते शब्दांच्या आणि सुरांच्या परीक्षेचे एक स्वतंत्र ठिकाण आहे, आणि आपल्या साहित्यविचाराने ते विचारातच घेतलेले नाही.

उदाहरणादाखल नाशिक घेऊ. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे पंधरा लाख वस्तीचे हे शहर मुंबई-पुण्याच्या तुलनेत मध्यम, पण त्याची सार्वजनिक जीवनाची परंपरा जुनी आहे. तिथले सार्वजनिक वाचनालय १८४०चे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे तोच नमुना महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी उचलला. नाशिकची व्याख्यानमालाही आता शतकाचा उंबरठा ओलांडून पुढे गेली आहे. तिचे वेगळेपण तिच्या जागेत आहे. मे महिन्यातील संध्याकाळी ती गोदाघाटावर, देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर भरत आली. पटांगणाला ज्यांचे नाव आहे ते यशवंतराव बागलाणचे मामलेदार होते, आणि १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला अशी त्यांची ख्याती आहे. खजिना उघडणाऱ्याच्या नावाच्या जागेवर दार नसलेले व्यासपीठ असावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

ही जागा ह्याच ऋतूत मिळते, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पावसाळ्यात घाट नदीचा असतो. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला पाणी लागले की छातीला, ह्यावरून नाशिककर पूर मोजतात. २००८ आणि २०१६ सालच्या पुरांत हे माप पुन्हा पुन्हा घेतले गेले. नदी मागे सरकलेली असते आणि संध्याकाळचा वारा सुखाचा वाटतो तो काळ उन्हाळ्याचाच. म्हणजे ह्या कार्यक्रमांचे वेळापत्रक आयोजकांइतकेच नदीनेही ठरवलेले आहे.

आता ह्या जागेवरच्या श्रोत्याकडे पाहू. नाट्यगृहातला श्रोता तिकीट काढून येतो, अंधारात बसतो, दोन्ही बाजूंना गुडघे असल्यामुळे कंटाळला तरी उठत नाही. महाविद्यालयीन चर्चासत्रातला श्रोता तर हजेरीपत्रकाने बांधलेला असतो. घाटावरच्या श्रोत्यावर असे कोणतेच बंधन नाही. भाजी घेऊन घरी निघालेला माणूस पिशवी हातात घेऊन कडेला उभा राहतो; पाच मिनिटांत पटले तर पिशवी खाली ठेवतो, नाही तर चालू लागतो. देवदर्शनाला आलेल्या परगावच्या बायका पायरीवर टेकतात. कुणी तासभर ऐकतो, कुणी शेवटची दहा मिनिटे. त्याच्या उठून जाण्यात वक्त्याचा अपमान नसतो, आणि म्हणूनच त्याच्या थांबण्याला किंमत असते. उठून जाऊ शकणारा श्रोता ही ह्या व्यासपीठाची खरी देणगी आहे.

अशा श्रोत्यापुढे बोलताना भाषेचे काय होते, हा साहित्याच्या अभ्यासकांचा प्रश्न आहे. जो वक्ता संदर्भग्रंथांची नावे हीच युक्तिवादाची जागा आहे असे मानतो, त्याच्यासमोरच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होतात. पारिभाषिक संज्ञा वापरायची तर तिचा अर्थ वाक्यातच उलगडावा लागतो. मध्येच आलेल्याला धागा सापडावा म्हणून मुद्दा दर काही मिनिटांनी नव्या शब्दांत सांगावा लागतो, आणि आधीपासून बसलेल्याला ती पुनरुक्ती वाटू नये ह्याची काळजीही घ्यावी लागते. हे सोपे करून सांगणे नव्हे. सोपे करणारा वक्ता विचार कमी करतो. चांगला वक्ता विचार तेवढाच ठेवून त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा वाढवतो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या मराठी वैचारिक गद्याच्या घडणीत निबंधाइतकाच व्याख्यानाचा वाटा आहे. आपण ते गद्य पुस्तकांत वाचतो आणि त्याच्या वाक्यांची लय कुठून आली हे विचारायचे विसरतो.

संगीताच्या बाबतीत हा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. उघड्यावरचे ते लोकांचे आणि तिकिटाचे ते मूठभरांचे, अशी सरळ विभागणी करण्याचा मोह होतो. परंतु इतिहास तसे सांगत नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि तिकीट लावून जाहीर मैफली करण्याचा पायंडा ज्यांनी पाडला त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. दरबारातला गवई संस्थानिकाच्या मर्जीवर जगत असे. तिकिटाने त्याला त्या मर्जीतून सोडवले आणि चार आणे देऊ शकणाऱ्या कुणालाही श्रोता होण्याचा हक्क दिला. तिकीट ही त्या काळी मुक्ती होती. तेच पलुसकर आयुष्याच्या अखेरच्या पर्वात नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले आणि त्यांचे गाणे रामनामाकडे व भजनाकडे वळले. एकाच माणसाच्या आयुष्यात दरवाजावरचे तिकीट आणि दरवाजा नसलेले भजन ह्या दोन्ही गोष्टी नांदल्या. तेव्हा प्रश्न तिकीट चांगले की वाईट हा नाही. शहरात दोन्ही प्रकारच्या जागा आहेत का, हा आहे. सभागृहातल्या शांततेत स्वराचे जे बारकावे ऐकू येतात ते घाटावर येणार नाहीत हे खरेच. पण ज्याने आयुष्यात मैफलीचे तिकीट काढलेले नाही त्याच्या कानावर पहिला षड्ज बहुधा उघड्यावरच पडतो.

येथवर जे लिहिले ते नाशिकच्या वृत्तपत्रांतील सांस्कृतिक पानांना मान्य होईल. परंतु ह्याच ऋतूत, ह्याच शहरात आणखी एक व्यासपीठ उभे राहते आणि त्याची दखल घेताना आपली लेखणी अडखळते. चौदा एप्रिलच्या मागेपुढे वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे कार्यक्रम होतात. श्रोत्यांची संख्या, त्यांचा उत्साह आणि गाणाऱ्यांची तयारी पाहता उन्हाळ्याच्या आरंभीच्या आपल्या संगीतजीवनात त्यांना मध्यवर्ती स्थान मिळायला हवे. प्रत्यक्षात पाडव्याच्या मैफलीची बातमी 'रसिकांची दाद' अशी येते आणि भीमगीतांची 'वाहतुकीत बदल' अशी. ही तफावत केवळ वृत्तपत्रांची नाही. आपल्या अभ्यासक्रमांचीही आहे.

वास्तविक नाशिक जिल्हा ह्या परंपरेचे एक उगमस्थान आहे. सत्यशोधकी जलशांनी घालून दिलेल्या वाटेवर १९३०च्या दशकात भीमराव कर्डक ह्यांच्या मंडळाने आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा ओळखीचा सांगाडा घेऊन, त्यातला आशय बदलून, तो गावोगावच्या मैदानांत नेला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ह्यांनी पुढे गाण्यांचा केवढा तरी मोठा संसार मांडला. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या ह्या कवीची रचना आपण छापील पानावर वाचतो तेव्हा ती कधी कधी साधी वाटते, ध्रुवपद वारंवार येते, शेवटी कवीचे नाव येते. हे दोष आहेत असे समजणाऱ्या समीक्षकाने ती रचना कुठे उभी राहिली हे पाहिलेले नसते. उशिरा आलेल्याला ध्रुवपद हाताशी लागते आणि तो दुसऱ्याच फेरीत कोरसमध्ये सामील होतो. जिथे कार्यक्रमपत्रिका नाही तिथे कवी आपली सही गाण्यातच करतो. संतकवींची नाममुद्राही वाळवंटात आणि पारावर गायल्या जाणाऱ्या अभंगांत अशीच शाबूत राहिली. कडव्याच्या शेवटी येणारा नेमका यमकाचा ठोका ढोलकीच्या ठोक्याशी जुळलेला असतो. म्हणजे ज्याला आपण शैली म्हणतो त्यातला बराच भाग उठून जाऊ शकणाऱ्या श्रोत्याने घडवलेला असतो. ह्या निकषावर घाटावरचा चांगला वक्ता, कीर्तनकार आणि भीमगीतांचा गायक हे एकाच शाळेतले आहेत; त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत आपण बसवले आहे.

उघडी जागा आपोआप सर्वांची असते, असा भाबडा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये, आणि नाशिकमध्ये तर तो काढताच येत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा आणि दादासाहेब गायकवाडांनी स्थानिक पातळीवर नेटाने चालवलेला हा लढा सुमारे पाच वर्षे चालला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रामाच्या रथाला हात लावण्यावरून संघर्ष झाला, सत्याग्रहींवर दगडफेक झाली. रथोत्सव हाही चैत्रातला, उघड्यावरचा, गावाचा कार्यक्रमच. छप्पर नव्हते, तिकीट नव्हते, पण दार होते. ते माणसांच्या मनात होते. घाटावर कोण बसू शकतो ह्या प्रश्नाचे आजचे उत्तर ज्या लढ्यातून आले, त्याची आठवण न ठेवता घाटाच्या मोकळेपणाचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा होईल. जलसा आणि भीमगीते ह्या इतिहासातून निघालेली आहेत, म्हणून व्याख्यानमालेचा विचार त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

आक्षेप अनेक घेतले जातात. गोंगाटाचा आक्षेप मला मान्य आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वर्ज्य केला, राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंतची सवलत देण्याची मुभा नंतर मिळाली. हा नियम आजाऱ्याच्या आणि अभ्यास करणाऱ्या मुलाच्या बाजूचा आहे. त्याने रात्रभराच्या मैफली गेल्या हे दुःख खरे, परंतु मोठा आवाज आणि मोठा कार्यक्रम एक नव्हेत. व्याख्यानाला भिंती हादरवणाऱ्या यंत्रणेची गरज नसते, आणि डीजेच्या भिंतीपुढे भीमगीताचे शब्दही बुडतात, अशी खंत त्या परंपरेतले जाणकार स्वतःच व्यक्त करतात. दर्जाचा आक्षेप मात्र तपासून घ्यावा. उघड्यावरच्या कार्यक्रमांत सुमार भाषणे होतात, नेत्यांचे सत्कार लांबतात, प्रायोजकाचा फलक वक्त्यापेक्षा मोठा असतो. हे सारे वातानुकूलित सभागृहातही होते. फरक एवढाच की घाटावर त्याची शिक्षा लगेच मिळते.

खरी चिंता जागेची आहे. नदीकाठ सध्या सर्वत्र 'विकासा'च्या नजरेत आहे, आणि नाशिकला तर २०२६-२७च्या सिंहस्थाची तयारीही आहे. कुंभमेळ्याला येणाऱ्या लाखोंसाठी घाट, पूल आणि रस्ते लागणारच. परंतु आराखड्यात पटांगण हे केवळ गर्दी सामावण्याचे क्षेत्रफळ म्हणून मोजले, तर त्याचा बारा वर्षांमधला उरलेला उपयोग कुठेच नोंदला जाणार नाही. नाशिकला महाकवी कालिदास कलामंदिर आहे, ते असावेच. पण सभागृहाला भाडे असते, भाड्यामागून प्रायोजक येतो, प्रायोजकामागून ओळखीचे चेहरे येतात आणि पिशवी घेऊन कडेला उभा राहणारा माणूस आत येत नाही. त्याला कुणी अडवत नाही. तोच दारापाशी संकोचतो. चित्रफितींमुळे व्याख्यान आता घरबसल्या ऐकता येते, हा लाभ मोठा आहे. परंतु घरी बसून फीत बंद करणारा श्रोता वक्त्याला दिसत नाही. त्याच्या जाण्याने भाषा सुधारत नाही.

मराठी विभागांना म्हणूनच एक सूचना करावीशी वाटते. मौखिक परंपरा आपण लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत, जणू ती संपलेली गोष्ट असल्यासारखी शिकवतो. ती दर उन्हाळ्यात आपल्या गावात चालू असते. विद्यार्थ्यांनी एप्रिल-मेमधल्या तीन वेगवेगळ्या उघड्या व्यासपीठांवर बसावे: एक मैफल, एक भीमगीतांचा कार्यक्रम, एक व्याख्यान. वक्ता किंवा गायक काय म्हणाला ह्याबरोबर श्रोते केव्हा आले, केव्हा उठले, कोणत्या वाक्यावर किंवा कोणत्या कडव्यावर थबकले, हे टिपावे. मग वर्गात परत येऊन वामनदादांचे गाणे आणि एखादे जुने व्याख्यान शेजारी शेजारी ठेवून वाचावे. आणि अध्यापकांनी वर्षातून एकदा तरी हजेरीपत्रक नसलेल्या माणसांपुढे आपला विषय मांडून पाहावा. आपल्या वाक्यांपैकी किती उरतात, हे त्या संध्याकाळी कळेल.