पळून राग जात नाही

सेनगाव तालुक्यातील पुसेगाव घ्या की हिंगोली जिल्ह्यातील दुसरे गाव, पोलीस भरतीची तयारी करणारी कॉलेजची मुले-मुली पहाटे पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. यांतल्याच एखाद्याने रात्री रागाच्या भरात टाकलेल्या पोस्टवरून गुन्हा नोंदला गेला, तर तो चारित्र्य पडताळणीत समोर येतो. वर्षभराची मेहनत एका स्टेटसपाशी अडते.

‘व्यायाम कर, डोके शांत राहील,’ असे घरोघरी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. नियमित व्यायामाने झोप सुधारते, ताण कमी होतो आणि झोप झालेला माणूस सहसा चटकन भडकत नाही. पण हा फायदा काही आठवडे-महिन्यांचा. राग आला म्हणून दोन फेऱ्या मारल्या, तर उलटेही होऊ शकते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात प्रयोगांतून दाखवले, की व्यायामाने वाढलेली धडधड पुरती उतरण्याआधी कुणी डिवचले तर माणूस जास्त आक्रमक होतो. दम लागलेला असतो तोवर धडधड कशाची, हे कळते; दम बसल्यासारखा वाटला की तीच धडधड रागाच्या खात्यात जमा होते. आपली मुले मैदानाच्या कडेला बसून मोबाइल उघडतात, ती नेमकी तेव्हाच!

ब्रॅड बुशमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले. पळण्याने राग उतरत नाही, बहुधा वाढतोच. संथ श्वसन, ध्यान, योगासने यांनी उतरतो, असे त्यांना आढळले. चेंडूचे सांघिक खेळ मात्र उपयोगी दिसले. खेळात मजा असते, हे कारण असावे.

नुसत्या कमावलेल्या अंगाने संयम येत नाही. तालमींच्या कोल्हापुरात जून २०२३ मध्ये मोबाइल स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले.

नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला श्रेयांक आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी ते कागदावर वाटण्याऐवजी संध्याकाळी मैदान उघडे ठेवावे, व्हॉलीबॉलची जाळी बांधावी आणि शेवटची दहा मिनिटे संथ श्वसनाला द्यावीत. तोवर मोबाइल पिशवीतच राहू द्यावा.